पावसाळ्यातलीच फिलिंग्ज का सुटतात? बाँडची बाटली, गारवा आणि दमट हवा

दापोलीजवळ दोन वर्षांपूर्वी दातांचा दवाखाना सुरू केलेल्या एका डॉक्टरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: जून ते ऑगस्टमध्ये केलेल्या कॉम्पोझिट (दाताच्या रंगाच्या, लाइटने कडक होणाऱ्या) फिलिंग्जपैकी सहा दिवाळीच्या आत अख्खीच्या अख्खी सुटून आली. सगळी दाताच्या मानेजवळची. त्याच हाताने, त्याच बाँडने (कॉम्पोझिट दाताला चिकटवणाऱ्या द्रवाने) जानेवारीत केलेली मात्र शाबूत आहेत. बाटली फ्रिजमध्ये असते, एसी २० वर असतो. पेशंट उकळता चहा पितात, त्यावर गार सरबत पितात. या गरम-गाराने बाँडची पकड सुटते का? आणि कंपनीच्या पत्रकात ‘५००० थर्मल सायकलनंतरही पकड कायम’ असं छापलेलं असतं, त्यावर किती भरवसा ठेवायचा?

डॉक्टर, मी २४ वर्षं रत्नागिरीत प्रॅक्टिस करते आणि तुमची ही तक्रार मला पहिल्या तीन पावसाळ्यांत जशीच्या तशी आली होती. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन तापमानं आहेत. एक, फिलिंग झाल्यानंतर तोंडात वर्षानुवर्षं होणारी गरम-गार उलथापालथ. दुसरं, फिलिंग करतानाच्या त्या पाच-सात मिनिटांत बाटलीचं, दाताचं आणि खोलीतल्या हवेचं तापमान. तुम्ही विचारलंय पहिल्याबद्दल. तुमची फिलिंग्ज पडली आहेत ती बहुधा दुसऱ्यामुळे. चहा बारा महिने तोच असतो. जानेवारीतल्या फिलिंगवरही तो तेवढाच गरम पडला. बदलला तो ऋतू.

आधी चहाचा हिशोब करून टाकू, म्हणजे तो डोक्यातून जाईल. तापमान बदललं की दात आणि कॉम्पोझिट सारखे फुगत-आकसत नाहीत हे खरं आहे. एनॅमल (दाताचं वरचं कठीण कवच) दर अंशाला दर मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं, डेंटिन (त्याच्या आतला थर) ८ च्या आसपास, आणि कॉम्पोझिट त्याच्या जातीप्रमाणे २० ते ५०-६० पर्यंत. समजा, खाच ४ मिलिमीटर रुंद आहे आणि चहाने तापमान एकदम ३० अंशांनी चढलं. कॉम्पोझिट ४० च्या हिशोबाने वाढलं तर जवळजवळ ५ मायक्रॉन, दात १ मायक्रॉनच्या थोडा वर. म्हणजे जोडावर ताण येतो तो ३-४ मायक्रॉनच्या फरकाचा. आता तेच कॉम्पोझिट लाइट मारून कडक करताना किती आकसतं ते बघा. घनफळात २ ते ३ टक्के, म्हणजे लांबीत जवळजवळ १ टक्का. ४ मिलिमीटरला ३०-४० मायक्रॉन. जो जोड पहिल्या वीस सेकंदांत दहापट ओढ सोसून टिकला, तो नंतर चहाच्या घोटाने तुटत नाही. शिवाय कॉम्पोझिट उष्णतेचा मंद वाहक आहे आणि घोट तोंडात चार-पाच सेकंदच राहतो, त्यामुळे अख्खं फिलिंग ३० अंशांनी तापतच नाही.

याचा अर्थ गरम-गाराचा काहीच परिणाम नाही असा नाही. पकड मुळातच कच्ची असेल, कडेला कुठे फट असेल, तर प्रत्येक घोटाला ती फट किंचित उघडते-मिटते, लाळेतलं पाणी आत खेचलं जातं आणि ते पाणी बाँडमधल्या रेझिनला (चिकटणाऱ्या घटकाला) आणि डेंटिनमधल्या उघड्या राहिलेल्या कोलॅजनच्या तंतूंना हळूहळू पोखरतं. जिथे आपण जोड अर्धवट सोडलेला असतो तिथेच हे चालतं. नीट बसलेल्या जोडाला हे व्हायला कितीतरी वर्षं लागतात.

पत्रकातल्या आकड्याचंही याच ओघात. प्रयोगशाळेत दाताचे जोडलेले नमुने ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवतात, प्रत्येक वेळी निदान २० सेकंद. हीच थर्मल सायकल. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मार्गदर्शक चाचणीत अशी ५०० आवर्तनं आहेत. गेल आणि डार्वेल या संशोधकांनी १९९९ मध्ये या पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा तोंडातल्या एका वर्षाला साधारण १०,००० आवर्तनं धरावीत असा अंदाज मांडला. त्या हिशोबाने ५०० म्हणजे अडीच आठवडे आणि ५००० म्हणजे सहा महिने. आणि तो नमुना कोणी बनवलेला असतो? २३ अंशांच्या खोलीत, सपाट घासलेल्या काढलेल्या दातावर, लाळ नाही, श्वास नाही, हिरडीतून पाझर नाही, बाटली ताजी. पत्रकातला आकडा खोटा नसतो. तो दोन बाँडची एकमेकांशी तुलना करायला उपयोगी आहे. तुमच्या खुर्चीत तोच आकडा मिळेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

आता मुद्द्याकडे येते. ज्या फिलिंगने मला शहाणं केलं ते पावस गावाजवळच्या एका आजींचं होतं. वर्षानुवर्षं मशेरी लावलेली, वरच्या सुळ्याच्या आणि दाढांच्या मानेशी पाचरीसारख्या खोल खाचा. श्रावणात भरलेल्या, नवरात्रात आजी पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढून म्हणाल्या, “बाई, तुमचं सिमिट निघालं बघा.” पुडीत तांदळाच्या कणीएवढा तुकडा, अखंड. मी तो भिंगाखाली उलटा करून पाहिला. दाताकडची बाजू गुळगुळीत, तकतकीत, काचेसारखी. आणि आजींच्या दातातली खाच कोरी, जणू मी तिथे कधी काही लावलंच नव्हतं.

तुमच्याकडचे तुकडे फेकले नसतील तर तेवढं बघा. तुकडा मोडून अर्धा दातावर राहिला असेल तर दोष कॉम्पोझिटचा किंवा चावण्याच्या भाराचा. अखंड निघाला आणि खालची बाजू तकतकीत असेल तर बाँड कॉम्पोझिटला चिकटला, दाताला चिकटला नाही. म्हणजे बाँड डेंटिनमध्ये शिरलाच नाही, किंवा शिरला तेव्हा त्यात विद्रावक आणि पाणी अडकून राहिलं. मानेजवळच्या खाचा या बाबतीत फार कडक परीक्षक आहेत. दाढेच्या चौकोनी खड्ड्यात फिलिंग भिंतींच्या आधारानेही बसून राहतं, तिथे कच्चा बाँड पाच वर्षं झाकला जातो. मानेशी आधार नाही. तिथे फक्त बाँड.

मग थंड बाटलीने नेमकं काय बिघडतं? बाँडमध्ये रेझिन असतं आणि ते पातळ करून दातात पोचवायला असिटोन, इथेनॉल, पाणी किंवा यांचं मिश्रण असतं. विद्रावकाचं काम रेझिन आत नेऊन सोडणं आणि स्वतः उडून जाणं. फ्रिजमधून आलेल्या ५ अंशांच्या थेंबात दोन्ही कामं अडतात. रेझिन घट्ट असल्याने ते कोलॅजनच्या जाळीत नीट झिरपत नाही. आणि विद्रावक उडत नाही: इथेनॉलचा बाष्पदाब २५ अंशांना जेवढा असतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही तो ५ अंशांना कमी असतो. तुम्ही पाच सेकंद हवा मारता, वरून चमक दिसते, तुम्हाला वाटतं झालं. आत ओलं असतं. त्यावर लाइट मारला की तो ओलावा कायमचा कोंडला जातो, थर अर्धाकच्चा पिकतो, आणि असा थर पुढे पाणी शोषत राहतो. दाताच्या उबेने थेंब थोडा गरम होतो हे खरं, पण खाच खोल नसेल आणि एसीचा झोत समोर असेल तर तेवढी उसंत मिळत नाही.

हे वाचून विश्वास ठेवू नका, करून बघा. काचेची एक स्लाइड घ्या. फ्रिजमधून आत्ता काढलेल्या बाटलीतला एक थेंब आणि तासभर बाहेर राहिलेल्या त्याच बाँडचा एक थेंब शेजारी शेजारी टाका, मायक्रोब्रशने सारखे पसरा आणि एकाच अंतरावरून दहा-दहा सेकंद हवा मारा. उबदार थेंबावर आधी लाटा उठतात, मग त्या आखूड होतात आणि थर जागच्या जागी थिजतो. गार थेंब दहाव्या सेकंदालाही काचेवर इकडून तिकडे पळत असतो, कडेला जाड वळी करून साचतो. मी हे २००५ च्या सुमारास पहिल्यांदा केलं आणि आजींची पुडी आठवली. तेव्हापासून आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक सहाय्यकाला पहिल्या आठवड्यात हाच प्रयोग करायला लावते. ‘थर हलायचा थांबेपर्यंत हवा’ हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मग सेकंद मोजायला सांगावं लागत नाही.

पण नुसत्या गारव्याने अर्धीच गोष्ट कळते. नाहीतर हिवाळ्यातही फिलिंग्ज पडायला हवी होती, कारण बाटली जानेवारीतही त्याच फ्रिजमधून येत होती. उरलेली अर्धी गोष्ट दवाची.

आपल्याकडे जुलैत बाहेर २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के ही नेहमीची बाब. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २६ च्या खाली तापमान असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार: फ्रिजमधल्या बाटलीवर, एसीत गार पडलेल्या आरशावर, दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तुमच्या चष्म्यावर. घराघरात मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात ते याच दिवसांत. फ्रिजमधली बाटली ट्रेवर ठेवा. दोन मिनिटांत अंगाला घाम फुटतो आणि उचलली की खाली पाण्याचं कडं उमटतं. बाहेर जे दिसतंय तेच टोपण उघडल्यावर आत होतं. दमट हवा गार बाटलीत शिरते, आतल्या भिंतीवर आणि नोझलच्या तोंडाशी पाणी धरतं आणि बाँडमध्ये मिसळतं. एका दिवसाचं पाणी नगण्य. पण दिवसातून सहा वेळा, दोन महिने असं झालं की बाटली शेवटाला येईपर्यंत तुम्ही कंपनीने भरलेला बाँड वापरत नसता. असिटोनवाल्या बाँडचं तर दुहेरी नुकसान, कारण प्रत्येक उघडझापीला असिटोन बाहेर जातो आणि पाणी आत येतं.

आपण हे शिकलो नव्हतो असंही नाही. झिंक फॉस्फेट हे जुनं सिमेंट गार काचेवर कालवायला शिकवताना सरांनी आपल्या सगळ्यांना बजावलेलं असतं की काच गार हवी, पण दवबिंदूच्या खाली नको, नाहीतर काचेवर धरलेलं पाणी सिमेंटचं गणित बिघडवतं. झिंक फॉस्फेट मागे पडलं आणि बाँडच्या बाटलीला तोच नियम लावायचं आपल्या लक्षात राहिलं नाही.

माझी पद्धत सांगते. बाटल्या फ्रिजमध्ये दारातल्या कप्प्यात नाही, आत, हवाबंद डबीत. डबीत सिलिका जेलच्या पुड्या. सकाळी दवाखाना उघडला की दिवसभर लागणारी एकच बाटली बाहेर काढायची, टोपण न उघडता. पाऊण-एक तास ती तशीच. उघडण्याआधी कोरड्या कापसाने पुसायची आणि मिनिटभर थांबायचं. परत घाम आला नाही तरच टोपण फिरवायचं. दिवसभर ती एसीच्या खोलीत, झोताखाली नाही आणि खिडकीतल्या उजेडातही नाही. मध्ये पुन्हा फ्रिजमध्ये घालायची नाही; आत-बाहेर जितक्या वेळा, तितक्या वेळा दव. संध्याकाळी डबीत परत. थेंब डॅपन डिशमध्ये (छोट्या वाटीत) काढायचा तो दात एच करून (आम्लाने खरखरीत करून), धुऊन, तयार झाल्यावर. आधी काढून ठेवला तर पंख्याच्या वाऱ्याने विद्रावक तिथेच उडतो आणि ब्रशला चिकट पाक लागतो.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. बऱ्याच बाँडच्या वेष्टनावर २ ते २५ अंश लिहिलेलं असतं, काहींवर २ ते ८. घाटावर पुण्याला २५ ची बाटली कपाटात राहू शकेल असे काही महिने तरी मिळतात. आपल्याकडे दवाखाना बंद झाल्यावर, एसी बंद झाल्यावर, खोली वर्षातले बरेच महिने २५ च्या वरच असते, म्हणून फ्रिज टळत नाही. शिवाय प्रत्येक बाँडवर गारव्याचा परिणाम सारखा होत नाही. प्रयोगांत काही बाँडची पकड थंड वापरल्यावर स्पष्ट घटलेली दिसते, काहींची जवळजवळ तेवढीच राहते. विद्रावक कोणता, रेझिन किती घट्ट, यावर ते जातं. पण बाटली तासभर आधी काढायला काही खर्च नाही, तेव्हा तुमचा बाँड कुठल्या गटातला हे शोधत बसण्यापेक्षा काढून ठेवणं सोपं.

आता दाताकडे वळू. तोंडातल्या दाताचं तापमान ३३-३५ अंश, म्हणजे खोलीतल्या हवेने त्यावर दव धरत नाही. धरतं ते श्वासाने. बाहेर पडणारा श्वास जवळजवळ पूर्ण दमट आणि ३४ अंशांच्या आसपास असतो. तुम्ही थ्री-वे सिरिंजची (हवा-पाण्याच्या नळीची) हवा दहा सेकंद दातावर मारली की दाताचा पृष्ठभाग काही अंशांनी उतरतो, त्यात असिटोन उडताना स्वतःही दात गार करतो, आणि पुढचाच उच्छ्वास त्यावर बारीक धुकं सोडून जातो. एनॅमल एच केल्यावरची ती खडूसारखी पांढरी झाक एका श्वासाने मंदावताना पाहिलीत कधी? एकदा मुद्दाम बघा. यावर रबर डॅम, म्हणजे दात तोंडापासून वेगळा काढणारा रबराचा पडदा, हाच खरा उपाय आहे, कारण डॅमच्या या बाजूला श्वास पोचत नाही आणि दाताभोवतीची हवा खोलीच्या हवेसारखी होते. मानेजवळच्या खाचांना डॅम धरून ठेवायला २१२ नंबरचा क्लॅम्प लागतो, पहिले दहा पेशंट वेळ खातो, मग बसतो. अजिबातच जमत नसेल तिथे हिरडी बाजूला सारणारी रिट्रॅक्शन कॉर्ड, कॉटन रोल, सक्शनचं तोंड दाताच्या अगदी जवळ, आणि पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगणं. हे डॅमच्या बरोबरीचं नाही, पण नुसत्या कापसापेक्षा पुष्कळ बरं.

एसी २० वर कशाला ठेवता? पेशंटला हुडहुडी भरते, हत्यारं गार पडतात, आणि दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येऊन सगळ्यावर धुकं धरते. मी २४-२५ ठेवते आणि पावसाळ्यात ‘ड्राय’ मोडवर. २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १६ वर उतरतो, तेवढ्याने ट्रे, आरसा, काच सगळं कोरडं राहतं. भिंतीवर एक तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ लावा. काही शे रुपयांत मिळतं आणि आमच्या दवाखान्यात एक्स-रे मशीनखालोखाल मी त्याच्याकडे बघते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पावसाळ्यातला सगळ्यात मोठा चोर कॉम्प्रेसर आहे. जुलैतल्या त्या हवेत एका घनमीटरमागे २४ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. देशावर हिवाळ्यात, १५ अंश आणि ४० टक्क्यांना, जेमतेम ५. कॉम्प्रेसर ही हवा दाबून टाकीत भरतो, पाणी तळाला साचतं आणि साचत गेलं की नळीतून थेट दातावर येतं, अनेकदा तेलाच्या अंशासकट. म्हणजे वाळवायला म्हणून आपण जी हवा मारतो तीच ओली. कोरड्या आरशावर किंवा ब्लॉटिंग पेपरवर बोटभर अंतरावरून दहा सेकंद हवा मारून बघा. थेंब दिसला, ओलसर डाग पडला किंवा तेलकट कडं उमटलं, तर जगातला कुठलाही बाँड चिकटणार नाही. जूनपासून आमच्याकडे टाकीचा खालचा नळ सकाळ-संध्याकाळ सोडतात. पहिल्या दिवशी वाटीभर गढूळ पाणी बघून मी हादरले होते. लाइनीत मॉइश्चर सेपरेटर बसवून घ्या आणि त्याचं फिल्टर आगोटीलाच, पावसाच्या तोंडावर, बदला.

आगोट म्हटलं म्हणून. आपण मे महिन्यात तांदूळ, सुकी मासळी, पापड, सगळ्याची बेगमी करतो आणि त्याच सवयीने दवाखान्याचाही माल भरतो. बाँडचं तेवढं तसं करू नका. मेच्या उन्हात पार्सलच्या गाडीत, बंद डिकीत, खोकं किती तापतं याची कल्पना आहेच. आम्लधर्मी रेझिन आणि पाणी एकाच बाटलीत असलेल्या सेल्फ-एच (वेगळं आम्ल न लावता स्वतःच एच करणाऱ्या) आणि युनिव्हर्सल बाँडमध्ये उष्णतेने रेझिनचे बंध पाण्यानेच हळूहळू तुटत जातात. बाटली दिसायला तशीच, वास तसाच, पकड कमी. ड्युअल-क्युअर (लाइट आणि रसायन दोन्हींनी कडक होणाऱ्या) सिमेंटच्या कॅटॅलिस्टचं तर आणखी लवकर बिघडतं. मी बाँड डिसेंबर-जानेवारीत मागवते, छोट्या बाटल्या, आणि उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहिते. महिन्याला पंधरा-वीसच कॉम्पोझिट होत असतील तर एकेका पेशंटपुरते युनिट-डोस महाग वाटले तरी शेवटी स्वस्त पडतात. आणि वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या टापूत किनाऱ्यावर आलं, तेव्हा तुमच्या दापोली-मंडणगडात कितीतरी दिवस वीज नव्हती. अशा बंद फ्रिजमधली बाटली मी पुन्हा वापरत नाही, मुदत दोन वर्षांची शिल्लक असली तरी.

गार बाटली वाईट म्हणून कोणी ती कोमट पाण्यात बुडवून ‘लवकर’ तयार करतं. तसं करू नका. असिटोन ५६ अंशांना उकळतो, पण त्याच्या पुष्कळ आधीच तो टोपणाशी दाब धरतो आणि उघडलं की निसटतो. मिश्रणाचं प्रमाण कायमचं बदलतं. कॉम्पोझिट मात्र गरम करून वापरायला हरकत नाही. ५५-६० अंशांना ते लोण्यासारखं पसरतं, खाचेच्या कोपऱ्यात बसतं आणि लाइटने जास्त पक्कं होतं. फक्त हीटरमधून काढल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत ते बरंच निवतं, तेव्हा हात चलाख हवा. दाताच्या मज्जेची (आतल्या जिवंत गाभ्याची) काळजी कोणी विचारेल, आणि ती रास्त आहे: झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांवर पाहिलं होतं की मज्जेचं तापमान ५.५ अंशांनी वाढलं तर सुमारे १५ टक्के दातांची मज्जा सावरली नाही. गरम कॉम्पोझिटचा छोटा गोळा एवढं तापवत नाही. खोल खड्ड्यात जोरकस एलईडी सलग मारत राहण्याची भीती मला जास्त वाटते. तिथे मी वीस सेकंदांनंतर थांबून हवा मारते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमची सहाही फिलिंग्ज मानेजवळची आहेत, आणि तुमचे पेशंट मशेरी लावणारे किंवा कडक ब्रशने आडवं घासणारे असतील तर तिथलं डेंटिन पिवळट-तपकिरी, काचेसारखं चकचकीत झालेलं असतं. त्याच्या नलिका खनिजांनी बुजलेल्या असतात. अशा डेंटिनला उत्तम ऋतूत, उत्तम बाटलीनेही पकड कमी मिळते. जानेवारीत तुम्ही कदाचित वेगळे दात भरले असतील; दोन्ही यादी एकदा शेजारी ठेवून बघा. तरीही अख्खी, तकतकीत निघालेली सहा फिलिंग्ज आणि सहाही पावसाळ्यातली, यात मला बाटली, श्वास आणि कॉम्प्रेसर हेच तिघे दिसतात, आणि मशेरी त्यांच्या मागे उभी.

पुन्हा भरताना जुन्या खाचेवर तसाच बाँड लावू नका. तिथे आधीच्या बाँडचे अंश आणि लाळेचा थर असतो. गोल डायमंड बरने डेंटिनचा वरचा चकचकीत थर हलकासा खरवडून काढा, वरच्या एनॅमलच्या कडेला मिलिमीटरभर उतार द्या. एनॅमलला फॉस्फोरिक आम्ल १५ सेकंद. ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलेली ही युक्ती अजूनही आपल्या हातातली सगळ्यात भरवशाची पकड आहे. डेंटिनवर एमडीपी (दातातल्या कॅल्शियमला धरणारा घटक) असलेला बाँड सेल्फ-एच पद्धतीने, ब्रशने वीस सेकंद दाबून चोळून. नुसता फासून नाही. मग हवा आधी हळू, मग जोरात, थर हलायचा थांबेपर्यंत. हिरडीच्या बाजूला डॅम बसतच नसेल आणि सारखं पाझरत असेल, तर हट्ट सोडा आणि रेझिन मिसळलेलं ग्लास आयोनोमर सिमेंट भरा. ते कॉम्पोझिटएवढं देखणं नाही, पण ओल सोसतं. आजींच्या तीन दाढांत मी शेवटी तेच भरलं आणि ते नऊ वर्षं होतं. पेशंटला पहिले चोवीस तास त्या बाजूने कडक काही चावू नका म्हणून सांगा, कारण जोड त्या काळात अजून पक्का होत असतो. चहा पिऊ द्या.

तुमच्या बाँडच्या वेष्टनावरची तापमानाची ओळ आणि बाटली कधी उघडली ती तारीख कळवा. शक्य असेल तर निघालेल्या एखाद्या तुकड्याच्या खालच्या बाजूचा फोटोही पाठवा. ती बाटली ठेवायची की फेकायची, ते त्यावरून सांगता येईल.